सासऱ्यांच्या कानांसाठी कोरलेलं हेल्मेट

माझे सासरे जुने पैलवान. तालमीत घासून घासून दोन्ही कान मोडलेले, लसणाच्या गड्ड्यांसारखे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ते कागलहून कोल्हापूरला मोटरसायकलवर यायचे, हायवेनं, उघड्या डोक्यानं. आणि जावई शिरोलीच्या एमआयडीसीत हेल्मेटच्या कारखान्यात! बायको म्हणायची, "जगाची डोकी झाकताय, माझ्या आप्पांचं तेवढं उघडं."

दिवाळीला हेल्मेट घेऊन गेलो. ते कानांपाशी अडकलं.

"पावणं, डोकं जातंय, पर कान न्हाय जात की!"

"द्या इकडं मामा, बसवतो," मी म्हणालो.

माझं काम इंजेक्शन मशीनवर. प्लॅस्टिकचे दाणे गरम हवेत वाळवायचे, वितळवून दाबानं साच्यात भरायचे, निवलं की टणक कवच बाहेर. टिचकी मारली की असं खणखणायचं, की माझ्या लेखी हेल्मेट म्हणजे तेच. आतलं थर्माकोल शेजारच्या शेडमध्ये वाफेवर फुगवून बनायचं. ते मला टीव्हीच्या खोक्यातल्यासारखं वाटायचं, माल गिऱ्हाइकापर्यंत धड पोचावा म्हणून घातलेलं. मी सुरीनं दोन्ही बाजूंनी बोटभर कोरलं, वर कापड चिकटवलं. हेल्मेट अलगद बसलं. सासऱ्यांनी आरशात पाहिलं, मग माझ्याकडे. लग्नानंतर पहिल्यांदाच त्या नजरेत 'पोरगी कुठं दिली' हा प्रश्न नव्हता.

ही करामत मी कारखानाभर सांगत सुटलो. एक दिवस थर्माकोलच्या शेडमधल्या मावशींनाही सांगितली. साच्यातून अस्तर काढता काढता त्या थांबल्या. चाचणीत आपटलेलं एक हेल्मेट आणून माझ्यापुढं ठेवलं. कवचावर नुसता ओरखडा. आतलं थर्माकोल चेपून पापड झालेलं.

"मार कुणी खाल्ला, सांग बघू? हे दबतंय म्हणून डोकं वाचतंय, शहाण्या! तुझ्या सासऱ्याच्यात आता कोण दबणार?"

सासरे त्या दुपारी कोल्हापूरला यायला निघणार होते. सुट्टी टाकली, स्कूटर काढली आणि समोरून येणारी प्रत्येक मोटरसायकल निरखत कागल गाठलं. ते अंगणातच होते, धोतराच्या सोग्यानं हेल्मेट पुसत.

"मामा, ते द्या परत."

"दिल्यालं परत मागाय आलासा व्हय?"

मी सगळं सांगितलं, मान वर न करता. ते आत बोट घालून कोरलेली जागा चाचपत राहिले.

"म्हंजे मला बसावं म्हणूनच केलंसा न्हवं?"

"व्हय."

"मग तोंड कशाला पाडतासा? जित्ता हाय की मी." आणि मग माझ्याकडं बघून, "तुमचं कुठं हाय?"

माझं कुठलं? वीस किलोमीटर मी बोडक्या डोक्यानं आलो होतो. रोजचाच रिवाज.

त्या दिवशी दोन्ही गाड्या गोठ्यात राहिल्या. आम्ही एस्टीनं निघालो. त्यांनी मला खिडकीची जागा दिली.

आठवड्यानं मावशींनी मोठ्यात मोठं माप शोधून दिलं. थर्माकोल शाबूत, कानांपाशी फक्त त्यावरचा मऊ स्पंज पातळ केलेला. मी दोन हेल्मेटं घेऊन गेलो, एक डोक्यावर, एक हातात. सासऱ्यांनी आधी माझं उतरवून आत बोटं फिरवली. मग स्वतःचं घातलं. कान जरा चेंगरत होते. "चालतंय," म्हणाले, आणि पट्टा आवळला.