डाव्या कडेची अक्षरं

आज एकादशी. चूल लवकर निवली, म्हणून आष्ट्याच्या जाफरभाई फोटोवाल्यांविषयी नीट लिहिते.

त्यांचे वडील कल्हईवाले. जाफरभाई सांगलीला एका स्टुडिओत फोटो धुता धुता शिकले. त्यांची एक रीत आहे. कॅमेऱ्याच्या तोंडाची कुठलीही काच हाती आली, की भिंतीवर वर्तमानपत्राची पानं चिकटवायची, फोटो काढायचा आणि निगेटिव्ह भिंगाखाली धरून चारी कोपऱ्यांतली अक्षरं वाचायची. एकाच कंपनीच्या तीन काचा घेऊन त्यांनी दोन परत केल्या होत्या. म्हणाले, "एका आईची पोरं, वहिनी. एक राबतंय, दोन पारावर बसत्यात."

आमचे धाकटे भावजी लालासाहेब लढाई संपल्यावर पहिल्यांदाच रजेवर आले, ते जर्मन कॅमेरा घेऊन. घरच्या सगळ्यांचा एक फोटो त्यांना पलटणीत न्यायचा होता. जाफरभाईंनी आधी आपली वर्तमानपत्राची परीक्षा घेतली आणि सांगितलं, "फौजी, डाव्या कडंला अक्षर लागत न्हाई. माझ्या कॅमेऱ्यानं काढू."

"तुमच्या काचेवरचं नावसुदीक झिजलंय. ह्यावर बघा, काय नाव हाय."

"नाव कारखान्याचं हाय. ही काच तिथनं निघताना कुणी तपासली का न्हाई, कुणास ठावं."

"आवं, फोटोत अक्षरं न्हाईत, माणसं हायती."

"मग माणसं तरी वळकू याय नगोत?"

भावजी हट्टाला पेटले. शनिवारी अंगणात अठरा माणसं जमली. मधे खुर्च्यांवर मामंजी, भावजी, त्यांच्या शेजारी मी. मामंजींच्या बहीण राहीआत्या आपल्या आपण डाव्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या. पंधराव्या वर्षी कपाळ पुसून त्या माहेरी आल्या. सासूबाई गेल्यावर भावजींना त्यांनीच वाढवलं. शुभकार्यात त्यांची जागा कडेला, हे कुणाला सांगावं लागत नाही. त्यांचा फोटो आजवर एकही नव्हता.

जाफरभाईंनी भावजींच्या कॅमेऱ्यावरून मान वर केली. "आत्या, तिथं नगा हुबं राहू. तिथलं माणूस पुसलं जातंय."

"माझी जागा हीच हाय, बाबा."

"फौजी, नावावर एवढा इश्वास हाय, तर त्या कडंला तुमी जावा."

भावजी ताडकन उठले, आत्यांना आपल्या खुर्चीवर बसवलं आणि टोकाला जाऊन छाती काढून उभे राहिले.

रविवारी फोटो आला. आत्यांच्या हनुवटीवरचं गोंदणाचे ठिपकेसुद्धा मोजून घ्यावेत इतकं स्वच्छ. टोकाला मात्र कपड्यांवर एक धुरकट गोळा.

"ह्यो कोण गं?" आत्यांनी मला विचारलं.

"मीच," भावजी म्हणाले. मग फोटो पालथा ठेवत, "जाफरभाई, तुमचा कॅमेऱ्याचा पेटारा आणा. उद्या मला निघायचंय."

जाफरभाई हसले नाहीत. पुन्हा सगळे जमलो. आता काच चांगली होती, कुणी कुठंही उभं राहिलं तरी चालणार होतं. आत्या पदर सावरत टोकाकडं निघाल्या. मी रोज देवापुढं हात जोडते, पण इतक्या वर्षांत त्यांना मधे बोलवायचं मला सुचलं नव्हतं. आत्ताही मी खुर्चीवर बसूनच होते.

"कुठं चाललीस?" भावजींनी त्यांचा हात धरला. "बस हितं."

"आता काच बरी हाय न्हवं, लाला?"

"हाय. तरी बस."

मी उठून जागा दिली. जाफरभाई काळ्या कापडाआड गेले आणि म्हणाले, "आत्या, मान वर करा."