बड्या दीदी आणि दुसऱ्याची बाजू

“हाँ, तो अब आप इनकी तरफ़ से बोलिए,” असं म्हणून त्या चष्मा काढायच्या, पदराने पुसायच्या आणि परत न घालता हातातच धरून बसायच्या. चष्म्याशिवाय त्यांना समोरचं कुणी धड दिसत नसे. मला वाटतं, मीटिंगमध्ये त्यांना तेच हवं असायचं. कोण बोलतंय ते दिसेनासं झालं, की आपण काय बोललं जातंय ते ऐकतो.

त्या आमच्या प्रिन्सिपल. लखनौच्या अलीगंजमधल्या आमच्या शाळेत सगळे त्यांना बड्या दीदी म्हणत. शिपाई म्हणे, पोरं म्हणत आणि पोरांचे आजोबासुद्धा म्हणत. अंगाने एवढ्याशा, पण चालायला लागल्या की पायातल्या चपला व्हरांडाभर वाजायच्या. असं एखादं माणूस तुम्हीही पाहिलं असेल, जे खोलीत आलं की सगळे उगाचच जरा ताठ बसतात आणि मग हसू लागतात.

मी तिथे कॉम्प्युटर शिकवत होते. नवऱ्याची केंद्र सरकारी नोकरी, बदलीच्या मागे अकोल्याहून लखनौला आलेले आणि इथलीच झालेले. लॉकडाउन उठून शाळा भरू लागल्या तेव्हा मी सत्तावन्न वर्षांची होते, म्हणजे अगदी अल्लड वय. केस रंगवत असे. गळ्यात पेन ड्राइव्ह अडकवून फिरत असे, डॉक्टरांच्या गळ्यात स्टेथोस्कोप असतो तसा. आणि स्वतःला शाळेचं भविष्य समजत असे.

त्याच सुमाराला मॅनेजर साहेबांनी बॉम्ब टाकला. मॅनेजर साहेब म्हणजे शाळेच्या कमिटीचे मुख्य. शाळा त्यांच्या वडिलांनी काढलेली, त्यामुळे भिंतींशीसुद्धा ते मालकाच्या आवाजात बोलत. गोमती नगरातल्या कुठल्याशा कंपनीने त्यांना एक पॅकेज दाखवलं होतं. प्रत्येक वर्गात मोठा पडदा लागणार, त्यावर दिल्लीच्या कुणी गोऱ्यागोमट्या बाई आधीच रेकॉर्ड केलेला धडा शिकवणार आणि आमच्या शिक्षकांनी फक्त पोरांना गप्प बसवायचं. त्या हिशोबाने प्राथमिकच्या तीन कंत्राटी शिक्षिकांची गरजच उरत नव्हती.

बड्या दीदी तडक त्यांच्याकडे गेल्या आणि मुदत मागून आल्या. अट अशी ठरली, की दिवाळीच्या सुट्टीआधी सगळ्या शिक्षकांनी मिळून डिजिटल शिक्षणाची स्वतःची योजना द्यायची. पण ती एकमताची हवी. एकानेही नाक मुरडलं तर पॅकेज येणार आणि त्या तिघी घरी जाणार.

एकमत. आमच्या स्टाफरूममध्ये चहाबरोबर समोसा मागवायचा की खस्ता कचोरी, यावरसुद्धा कधी एकमत झालेलं मी पाहिलं नव्हतं.

मला मात्र काळजी नव्हती, कारण योजना माझ्याकडे तयार होती. रंगीत प्रिंट, त्यात चौकोन, चौकोनातून निघालेले बाण, आणि सगळे बाण जाऊन पोचत होते ‘डिजिटल प्रभारी’ नावाच्या एका मोठ्या चौकोनात. त्या चौकोनात कोण बसणार हे मी विनयाने लिहिलं नव्हतं. नुसता साडी नेसलेल्या बाईचा छोटासा फोटो टाकला होता.

पहिल्या मीटिंगला मी उठून उभी राहिले आणि म्हटलं, प्रत्येक मुलाच्या हातात टॅब्लेट. संस्कृतचे आचार्यजी खुर्चीतूनच म्हणाले, “और हर बच्चे की आँख पर पट्टी भी बाँध दीजिए, एक ही बात है।” मी म्हटलं, तुम्ही अजून भूर्जपत्राच्या काळात आहात. ते म्हणाले, भूर्जपत्र चार्ज करावं लागत नाही. बाकीचे लगेच दोन गटांत वाटले गेले आणि त्या तिघी कंत्राटी शिक्षिका भिंतीला टेकून हातरुमालाशी खेळत राहिल्या.

बड्या दीदींनी चष्मा काढला.

“अब आप आचार्यजी की बात रखिए। और जब तक वो ख़ुद न कह दें कि हाँ, यही मेरी बात थी, तब तक बैठना नहीं है।”

मला वाटलं, यात काय आहे. मी म्हटलं, आचार्यजींना यंत्रांची भीती वाटते.

“नहीं,” आचार्यजी म्हणाले. “यह मेरी बात नहीं थी।”

मी म्हटलं, त्यांना जुनी पद्धत आवडते. ते म्हणाले, नहीं. मी म्हटलं, डोळे बिघडतात. नहीं. पेन ड्राइव्ह घामाने गळ्याला चिकटला. शेवटी मी वैतागून विचारलं, “तो भैया, आप ही बता दीजिए, आपकी बात है क्या?”

आचार्यजी जरा गडबडले. मग म्हणाले, की लहान मूल शब्द शिकतं ते शेजारच्या मुलाच्या तोंडाकडे बघून. जीभ कुठे लागते, ओठ कसे होतात, हे ते चोरून बघतं. सगळी पोरं पडद्याकडे बघायला लागली तर एकमेकांच्या तोंडाकडे कोण बघणार?

मी तेच माझ्या शब्दांत म्हटलं. आचार्यजी म्हणाले, “हाँ, यही।” मी खाली बसले तेव्हा वर्गात बाकावरून उतरवलेल्या पोरासारखं हायसं वाटलं.

आता माझी बाजू त्यांनी मांडायची होती. त्यांनी आठवड्याची मुदत मागितली आणि दुसऱ्याच संध्याकाळी स्कूटरवरून आमच्या घरी हजर झाले, टॅब्लेट म्हणजे काय ते शिकायला. येताना पूजा करून, कपाळाला गंध लावून आले होते. आमच्या ह्यांनी दार उघडलं आणि मला आत येऊन विचारलं, “अगं, सत्यनारायण आहे का आज? मला कुणी काही बोललं नाही.” रोज थालीपीठ आणि टॅब्लेट, टॅब्लेट आणि थालीपीठ. चौथ्या दिवशी आचार्यजींनी स्वतःच्या आवाजात एक श्लोक रेकॉर्ड केला आणि तो इतक्या वेळा ऐकला, की ह्यांनी बाल्कनीचं दार लावून घेतलं.

पुढच्या मीटिंगला मात्र पंचाईत झाली. आचार्यजींनी माझी बाजू अशी काही मांडली, की मलाच ती नवीन वाटली. अशक्त पोर घरी राहिलं तरी त्याला गुरूचा आवाज मिळेल, लाजाळू पोर तीच गोष्ट दहादा ऐकेल, कुणी हसणार नाही. मी मधेच म्हटलं, “लेकिन मुँह? बच्चे एक-दूसरे का मुँह कब देखेंगे?” ते म्हणाले, मॅडम, ज़माना बदल रहा है. मी म्हटलं, आचार्यजी, परंपरा भी कोई चीज़ होती है. आणि आम्ही पुन्हा भांडायला लागलो, फक्त जागा बदलून.

बड्या दीदींना हसताना उचकी लागली. कुणीतरी पाणी आणलं. उचकीच्या मधे मधे त्या म्हणाल्या, “अच्छा… अब… फिर से बदलिए।”

अशीच ती योजना झाली. एका टॅब्लेटवर तीन पोरं, म्हणजे मान वळवून एकमेकांशी बोलावंच लागेल. धडा आधी तोंडाने, मग पडद्यावर. पोरांच्या आयांना बोलावलं तेव्हा त्यांना आमची तक्रार मांडायला लावली आणि आम्हाला त्यांची. एका घरात एकच फोन आणि तो बाबांबरोबर कामाला जातो, हे आम्हाला त्या दिवशी स्वतःच्या तोंडाने बोलावं लागलं. म्हणून फोनवरचा गृहपाठ बंद. आणि धडे रेकॉर्ड करणार आमचेच शिक्षक, त्याची जबाबदारी त्या तिघींवर. शेवटी हात वर करायला सांगितले, तेव्हा स्टाफरूममधला एकही हात खाली नव्हता. माझा तो ‘प्रभारी’चा चौकोन मात्र कुठल्या मीटिंगमध्ये गळून पडला ते मला आजही सांगता येणार नाही.

मग तो दिवस आला. मॅनेजर साहेब टेबलाच्या टोकाला बसले, शेजारी पॅकेजची चकचकीत पत्रकं. मी बोलायला घसा साफ केला, तर बड्या दीदी म्हणाल्या, “साहब, हमारे यहाँ एक तरीक़ा है। पैकेज की तरफ़ से मैं बोलूँगी। टीचरों की तरफ़ से आप।”

मॅनेजर साहेबांना भाषणाची आवड होती. ते मिशीत हसले आणि हो म्हणाले.

आणि काय सांगू, त्या बाई पॅकेजच्या बाजूने इतकं सुंदर बोलल्या. एक शब्द खोटा नाही, एक टोमणा नाही. दिल्लीच्या बाईंचा उच्चार, एकसारखी गुणवत्ता, सगळं. आचार्यजी माझ्या कानात पुटपुटले, “ये तो हमें डुबो देंगी।” त्या तिघींपैकी सगळ्यात धाकटी रडायच्या बेताला आली होती.

मग मॅनेजर साहेब उठले. ते म्हणाले, शिक्षकांना नोकरीची काळजी आहे. बड्या दीदींनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही सगळ्यांनी मान हलवली: नहीं, साहब. ते म्हणाले, शिक्षकांना नवीन शिकायचा कंटाळा आहे. नहीं, साहब. आता त्यांना घाम फुटला. चार लोकांत हरायची सवय नसलेला माणूस. त्यांनी आमची योजना ओढून घेतली, वाचली, परत वाचली, धाकटीला दोन प्रश्न विचारले, आचार्यजींना एक. मग पडद्यावरच्या बाईला पोराचं नाव माहीत नसतं, इथपासून जे सुरू झाले, ते बोलता बोलता टेबलावर हात आपटायला लागले. संपलं तेव्हा धाकटीच म्हणाली, “जी साहब। यही हमारी बात थी।”

मॅनेजर साहेबांनी खिशातून रुमाल काढला, कपाळ पुसलं आणि रागाने सगळ्यांकडे पाहिलं. “तो फिर ये पैकेज ले कौन रहा है?”



बाहेर आल्यावर मी बड्या दीदींना धरलं. म्हटलं, पॅकेजच जिंकलं असतं तर? त्या म्हणाल्या, “अरे, मैं तो ख़ुद डर रही थी।” आणि खरंच, जिन्याचा कठडा त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता. “मगर बेईमानी से बोलती, तो वो भी बेईमानी से बोलते।”

उद्घाटनाला मॅनेजर साहेबांनी भाषण केलं. ही माझी अनेक वर्षांची संकल्पना आहे, म्हणाले. मी उठलेच. मागून कुणीतरी माझा पदर असा ओढला, की मी धप्पकन बसले. “बैठिए न,” बड्या दीदी म्हणाल्या. “अब उनकी है। अब वो किसी को हाथ नहीं लगाने देंगे।” आणि टाळ्या सगळ्यांत जोरात त्यांनीच वाजवल्या.

त्या निवृत्त होऊन भाचीकडे नैनीतालला गेल्या. वर्षभरात नवे प्रिन्सिपल आले, तरुण, चटपटीत, लॅपटॉपवाले. अगदी मीच, फक्त पँट घातलेली. त्यांनी पहिल्याच मीटिंगला तेच पॅकेज काढलं. मॅनेजर साहेब, आचार्यजी आणि त्या तिघी एकदम उठल्या. एवढा आरडाओरडा झाला, की मला बोलायला जागाच मिळाली नाही. पॅकेज पुन्हा गुंडाळलं गेलं. सगळे “हमारी योजना, हमारी योजना” म्हणत होते आणि बड्या दीदींचं नाव एकाच्याही तोंडात आलं नाही.

घरी येऊन मी नैनीतालला फोन लावला. भाचीने आधीच सांगून ठेवलं, मौसी आजकाल विसरतात, माणसंही विसरतात, वाईट वाटून घेऊ नका. मग त्या फोनवर आल्या. मी सगळी हकीकत सांगितली, आवाज काढून, हातवारे करून. एका टॅब्लेटवर तीन पोरं, धडा आधी तोंडाने, तिघी अजून नोकरीवर, सगळं.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, “वाह। बड़ी अच्छी योजना है। किसकी है?”

चेष्टा होती की खरोखरच विचारलं, मला कळेना. दिसत तर नव्हत्या. मी म्हटलं, “मेरी।”

तिकडे त्या हसू लागल्या. इतक्या हसल्या, की उचकी लागली, आणि भाची पाणी आणायला धावल्याचं मला इथे ऐकू आलं.