गौरीचा बॅज

“गौरीचा आकडा चुकलाय. मशीनवर पुन्हा वाचा,” प्रोजेक्टचे सर म्हणाले. मी पुन्हा वाचला. तोच आला.

भोकरदनजवळच्या एका गावात मुलांना किती ऊन लागतं ते आम्ही मोजत होतो. मुलांच्या कपड्यावर छोटा बॅज लावायचा. त्यातली फिल्म उन्हातल्या अतिनील किरणांनी बदलते. किती बदलली, ते लॅबमध्ये कळतं. सात वर्षांच्या गौरीच्या त्वचेत जन्मतःच रंगद्रव्य नाही. अशा मुलांना उन्हापासून जपलं नाही, तर पुढे त्वचेच्या कॅन्सरचा धोका मोठा. म्हणून तिला प्रोजेक्टकडून टोपी, गॉगल, सनस्क्रीन मिळत होतं. तरी तिचा आकडा दिवसभर रानात फिरणाऱ्या पोरासारखा!

“आई लक्षच देत नाही. नाव कमी करा,” सर चिडले. नाव गेलं की सनस्क्रीनही बंद.

“एकदा घरी जाऊन येते, सर.”

आई दारातच रडकुंडीला आली. “देवाशपथ म्याडम, पोरीला सावलीबाहेर पाय टाकू देत न्हाई मी.”

मी गौरीचे हात पाहिले. कुठे लाल चट्टा नाही. एवढं ऊन लागलं असतं तर कातडी भाजली असती.

“नवा बॅज कुठंय गं?”

“आक्का घेती. सकाळीच काढून घेती.”

तेवढ्यात थोरली आरती शेळ्या घेऊन आली. बॅज तिच्या फ्रॉकवर. मी काही विचारायच्या आत ती फणकारली, “मंग? टोपी तिला, गॉगल तिला, क्रीम तिला. तुमची गाडी बी तिच्यासाठीच येती. सुट्टीभर शेळ्यामागं मी फिरून राह्यले, मला कोण विचारतं?”

आईनं हात उगारला. मी मध्ये पडले.

सरांना फोन केला. आरतीचं सगळं सांगितलं. ते म्हणाले, “दोघींना बॅज द्या. आणि थोरलीला टोपी.”

पुढच्या खेपेला गौरीचा आकडा अगदी कमी आला. तिचं नाव राहिलं.

आरतीनं विचारलं, “मह्यं किती आलं?”

“गौरीपेक्षा खूप जास्त.”

“तिच्याहून जास्त?” टोपी सरळ करत तिनं गौरीकडं बघितलं आणि पहिल्यांदाच मनापासून हसली.

तो आकडा मिरवायचा नसतो, हे तिला पटवायला मला पुढचा अख्खा उन्हाळा लागला. आता मात्र घरात जितकी पोरं, तितके बॅज नेते.