बंगल्यातली तीन वर्षं

नोंदणी कचेरीत तिला सगळे नक्कलबाई म्हणत. जुनी खरेदीखतं, वाटणीपत्रं, मृत्युपत्रं. ज्याला लागेल त्याला ती टाईप करून द्यायची आणि खाली शिक्का मारायची. कागद साहेबांच्या भाषेतले. साहेब देश सोडून गेले त्याला चाळीस वर्षं झाली होती, पण त्यांची भाषा लोखंडी कपाटांत वाळवीची पावडर अंगावर घेऊन तशीच पडली होती.

नक्कलबाईला ती उत्तम यायची. शाळेत तीच शिकवायचे. वर्गात घरची भाषा तोंडातून निघाली की बाकावर उभं राहायचं. त्याचा परिणाम असा झाला, की घरच्या भाषेत तिला भांडता येई, लाड करता येत, भाजीवालीशी हुज्जत घालता येई. पण सलग दोन पानं लिहायची म्हटलं की हात आपोआप साहेबांच्या भाषेकडे वळे. आईवरचं पुस्तकही तिनं त्याच भाषेत लिहिलं. आईला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं.

आईनं जन्मभर इस्त्री केली. मनगटावर भाजल्याच्या खुणा, बोटांना खळीचा वास. सतरा ते वीस, अशी तीन वर्षं ती एका साहेबाच्या बंगल्यावर राहून कामाला होती. त्या वर्षांबद्दल विचारलं की म्हणायची, "त्यात काय सांगायचं? शर्ट होते." बाकी सगळं ती भरभरून सांगे. तिथं आली की इस्त्रीवर पाणी शिंपडावं तसा एक चर्र आवाज आणि मग गप्प.

पुस्तक समुद्रापलीकडं, साहेबांच्याच देशात छापायचं ठरलं. तिथल्या संपादक बाईंचं सौजन्यानं भरलेलं पत्र आलं: या तीन वर्षांत काहीच नाही, वाचकाला चुकल्यासारखं वाटेल. नक्कलबाईनं आठ दिवस टाळलं, मग एका रविवारी बसून लिहून टाकलं. दुपारी मडम इस्त्रीच्या टेबलावर पिठानं अक्षरं काढून आईला शिकवते. साहेब दारात येतो. आईच्या थोबाडीत देतो. आई पीठ पुसते, इस्त्री उचलते, पुढचा शर्ट घेते. संपादक बाईंनी उलटटपाली कळवलं, पुस्तकाचा जीव या प्रकरणात आहे.

कचेरीत हीच नक्कलबाई नव्या मुलींना दरडावायची, "कागद फाटलाय ना? मग टिंबं द्या. स्वतःच्या मनचा शब्द भरलात तर ती नक्कल नाही, लबाडी झाली." हेडक्लार्क मागून म्हणायचे, "ऐका गं पोरींनो. बाईंचं एक टिंब चुकलं तर कुणाची तरी भिंत शेजाऱ्याच्या अंगणात जाते." सगळ्या हसत. तीही हसायची. त्या रविवारनंतर मात्र नाही.

छपाईआधीची प्रुफं आली. तपासून पंधरवड्यात परत पाठवायची होती. आईला आता नीट दिसत नव्हतं, पण गठ्ठ्याला हात लावून तिनं वजन बघितलं.

"एवढं माझं?"

"तुझंच."

"मग वाच की. जग वाचणार आणि मी काय भांडी घासत बसू?"

रोज संध्याकाळी नक्कलबाई वाचू लागली. डोळ्यांपुढं साहेबांची भाषा, तोंडात घरची. वाक्यं अडखळत, वाकडी होत. आई मधेच म्हणे, "हे कोण बोलतंय? कलेक्टर?" सहाव्या दिवशी ते प्रकरण आलं. गाळावं असं तिच्या मनात आलं. पण गाळलं तर आईला ते कसं वाटतं हे कधीच कळणार नव्हतं, आणि छापायचं की नाही हेही ठरणार नव्हतं. तिनं वाचलं.

आईनं मनगटावरच्या खुणेवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "बरं झालं लिहिलंस. मी विसरूनच गेले होते."

नक्कलबाईनं प्रुफं खाली ठेवली. "आई, अगं ते मी रचलंय. तू कधी सांगितलंच नाहीस."

"रचशील कशाला? टायपात आहे ना?"

"आई, खरं सांग. काय झालं होतं तिथं?"

"आत्ता तूच वाचलंस की."

आई खरंच विसरली होती, की लेकीनं रचलेली ही जागा तिला उभं राहायला बरी वाटली होती, हे चेहऱ्यावरून कळेना. त्या चेहऱ्यावरून कधीच काही कळत नसे.

दोन दिवसांनी शेजारची शिंपीणकाकू बसायला आली. नक्कलबाई आत होती. बाहेरून आईचा आवाज आला, "अशी लगावली मेल्यानं! डाव्या गालावर. अंगठी होती बोटात."

डावा गाल तिनं लिहिला नव्हता. अंगठी तर नव्हतीच.

त्या दिवशी तिनं लाल पेन घेतलं आणि सगळं प्रकरण आडव्या रेघांनी कापलं. समासात संपादक बाईंना लिहिलं, हे घडल्याचं मला ठाऊक नाही, काढून टाकावं. त्यांनी नाराजीनं काढलं. पुस्तक बारीक झालं, आणि त्याच्याबद्दल फारसं कुणी बोललंही नाही.

पुस्तक आलं तेव्हा आई अंथरुणाला खिळली होती. तिनं ते छातीवर ठेवून घेतलं, कागदाचा वास घेतला, मग पुढं केलं.

"थोबाडीतलं वाच."

"आई, ते..."

"लहान अक्षरात असलं तरी वाच. काकूला ऐकायचंय."

काकू पदर सावरून पुढं सरकली. नक्कलबाईनं मधलंच एक पान उघडलं. त्या पानावर आईच्या लग्नातली लोखंडी पेटी होती. तिनं त्यावर नजर ठेवली आणि बोलू लागली: दुपार, टेबल, पीठ, दारातला साहेब. कुठंही अडखळली नाही. घरची भाषा तिच्या तोंडातून इतकी सलग कधीच निघाली नव्हती. पान उलटायला हवं असं वाटलं तिथं तिनं पान उलटलं.

"आणि साहेबानं आईच्या थोबाडीत दिली," ती म्हणाली.

"डाव्या," आई म्हणाली.

"डाव्या गालावर."

"अंगठी?"

तिनं पानाकडं पाहिलं. "आहे," ती म्हणाली, आणि अंगठीचं वाचू लागली.