कंडक्टरबाईंची सावड

कंडक्टरबाई गल्लीत शिरल्या की आधी त्यांचा आवाज घरात यायचा. उभी हयात एसटीत गेलेली; साधं बोलणंही मागच्या सीटवरच्या माणसाला ऐकू जाईल असं. नळावर बायका भांडायला लागल्या की या दारातूनच ओरडायच्या, "पुढं सरका, पुढं सरका! लई जागा हाय!" आणि रांग खरंच सरकायची. निवृत्तीनंतर अंबाजोगाईच्या जुन्या भागातली आमची गल्ली त्यांनीच चालवली, तीही एसटीसारखीच. हात दाखवील त्याला घेऊन.

गल्लीतली घरं दगडाची, एकाला एक चिकटलेली, वर मातीची माळवदं. सागवानी तुळया, त्यांवर फळ्या आणि फळ्यांवर चोपून बसवलेली पांढरी माती. दरवर्षी पावसाआधी नवी माती घालावी लागते. पण माणसं बाहेरच्या कॉलन्यांत निघून गेली आणि माती घालणारं कुणी उरलं नाही. एका पावसात कोपऱ्यावरचं रिकामं घर खाली बसलं. मग कुजबुज सुरू झाली, सगळी ओळच बिल्डरला देऊन टाकू. बाईंनी भर गल्लीत विचारलं, "गाडी बंद पडली तर आदी धक्का मारतेत का थेट भंगारात घालतेत?"

त्यांचा धक्का म्हणजे सावड. शेतात आज तुझं, उद्या माझं करतात तसं सगळ्यांनी मिळून एकेक माळवद करायचं. ज्याचं घर त्यानं त्या दिवशी सगळ्यांना जेवू घालायचं. स्वतःचं घर त्यांनी शेवटी ठेवलं. "आदी पॅसेंजर बसतेत, मग कंडक्टर," म्हणायच्या.

काम येऊन अडलं माझ्या घराशी. माझ्या माळवदावर मी सिमेंटचा थर ओतून घेतला होता. कॉलेजात शिकवणाऱ्या माणसाच्या डोक्यावर माती, याची मला लाज वाटायची. त्या सिमेंटवरचं पाणी दोन्ही शेजाऱ्यांच्या भिंतींत उतरत होतं. थर फोडल्याशिवाय त्यांची दुरुस्ती टिकणार नव्हती. दोघांनीही सांगून टाकलं, सर ऐकत नसतील तर आम्ही विकतो. मधली घरं गेली की ओळ गेली, हे मलाही कळत होतं. तरी मी नाहीच म्हणालो.

बाई घरी आल्या. आईनं चहा दिला, खिडकीतल्या वेगळ्या कपात. बाईंचं घर बौद्धांचं आणि तो कप त्यांच्यासाठीच ठेवलेला. मी जयंतीच्या कार्यक्रमांत समतेवर बोलायचो आणि घरी तो कप रोज बघायचो. आईला कधी एका शब्दानं टोकलं नाही. हे आजवर कुणाजवळ बोललो नाही, म्हणून इथं लिहितो आहे.

बाईंनी कपाकडं बघितलं, चहा संपवला.

"सर, सिमेंट कावून फोडू देत न्हाईत तुमी?"

"लोक काय म्हणतील, बाई? मातीखाली राहतो म्हणून?"

"लोक!" त्या मोठ्यानं हसल्या. "मी नवी नवी गाडीवर गेलते तवा काही पॅसेंजर तिकिटाचे पैसे वरून टाकायचे. हाताला हात लागू ने म्हणून. मी काय करायची, ठाव हाय? तळहात पुढं धरून उभी. घंटीच द्यायची न्हाई. गाडी जागेवर! मागचे बोंबलायचे, 'ठेव की बे हातावर!' मग ठेवायचा गुमान. लाजायचं त्यानं, मी कावून लाजू? अन् तुमी तरी कावून लाजता? माती काय चोरून आणलीय?"

आई पदर सावरत आत निघून गेली. मी खाली बघत म्हणालो, "उद्या फोडा."

सिमेंट निघालं तेव्हा खालची एक तुळई बोटांनी कुस्करली जात होती. तिच्याखाली माझ्या मुली झोपायच्या. शेजारचा रफिक पहार टेकवून म्हणाला, "सर, थोडं थांबला असता तर सगळाच थर तुमाला भेटायला खाली आला असता!" पडलेल्या घराच्या मालकानं तिथल्या तुळया गल्लीला देऊन टाकल्या होत्या, त्यातली एक माझ्या घरावर चढली. मी माती चोपत होतो आणि बाई खालून ओरडत होत्या, "जोर लावा, सर! खडू न्हाई हाय त्यो!"

त्या पावसाळ्यात आमच्या ओळीतलं एकही माळवद गळलं नाही. बिल्डरचा माणूस छत्री घेऊन फिरून गेला. त्याला दारोदार चहा मिळाला, घर कुणी दिलं नाही. रिकाम्या खोल्यांत मेडिकलच्या मुली भाड्यानं आल्या, बंद पडलेली गिरणी सुरू झाली, कॉलनीत गेलेली काही बिऱ्हाडं सामान घेऊन परतली. कोपऱ्यावरच्या पडक्या जागेत आम्ही ओटा बांधला. संध्याकाळी तिथं बसायला जागा मिळत नाही. प्राचार्यांना मी जेवायला बोलावलं आणि आपणहून माळवदावर नेलं. बाई आता नांदेडला लेकीकडं राहतात. सावड दरवर्षी होते.

पण माझ्यापुरती गल्ली जिंकली ती पावसाच्याही आधी, बाईंच्या घराची पाळी आली त्या दिवशी. गुडघ्यांचं कारण सांगून आई कुणाच्याच कामाला गेली नव्हती. त्या सकाळी मातीची पाटी कमरेवर घेऊन ती बाईंच्या शिडीपाशी उभी होती. दुपारी अंगणात पंगत बसली. ज्वारीच्या भाकरी, वांग्याची भाजी. मी आईकडं बघायचं टाळत होतो. ती बसली, जेवली आणि ताट पुढं करून म्हणाली, "अगं, इकडं बी वाढ की. लई झकास झालीय."

बाईंनी वाढलं. "पोटभर जेवा, माय," म्हणाल्या, "निम्मं माळवद राहिलंय अजून."