बेटाची मागची बाजू

देवानं माणसांना विश्वास वाटून दिला, त्या दिवशी आमचे साडू रांगेत नक्की उभे असणार. पण वाटणाऱ्याचा संशय येऊन ते रांग सोडून परत आले असावेत. ते अकोल्याचे, मी अमरावतीचा, आणि आमच्या बायका सख्ख्या बहिणी. एवढ्या नात्यावर त्यांनी माझ्यावर थोडा भरवसा ठेवायला हरकत नव्हती, पण आमच्या घरचा चहासुद्धा ते आधी मला पिऊ देतात. डॉक्टरनं रक्तदाब मोजायला पट्टा काढला की म्हणतात, "आधी सोताचा मोजा, मशीन बराबर हाय का पाहू." अचलपूरच्या एसटीत चढण्याआधी ते पाटी वाचतात, कंडक्टरला विचारतात आणि वर पुन्हा आत बसलेल्या एखाद्या म्हाताऱ्याला विचारतात. एकदा एक म्हातारा वैतागून म्हणाला, "पाटीवर लिवलं हाय ना, भाऊ!" साडू म्हणाले, "पाटी गाडीची झाली. डायवरच्या मनात काय हाय?" मी पाटी न वाचताच चढणारा, त्यामुळे भलत्याच गावी उतरण्याचे प्रसंग माझ्यावर आलेले आहेत, आणि साडू ते मला विसरू देत नाहीत.

या स्वभावाची झळ पोचली ती मोठ्या मेहुणीला, आमच्या ताईंना. कौंडण्यपूरच्या जत्रेत त्यांनी दर्शन एकटीनं घेतलं, कारण साडू बाहेर चपला राखत होते. पातूरची लेणी एकटीनं पाहिली, कारण साडू खाली स्कूटर राखत होते. म्हणून आम्ही चौघं मालवणला गेलो, तेव्हा ताईंनी एकच मागणं मागितलं. "भाऊजी, मले एकडाव बेटावर ह्यायच्यासंग फिराचं हाय. बाकी काई नको."

मी दिवसभरासाठी एक शिडाची होडी ठरवली. मला स्वतःला पोहता येत नाही. मी तरंगायचं जाकीट लॉजच्या खोलीतच चढवून जिना उतरलो होतो. साडूंनी आधी समुद्रात बोट बुडवून चाखलं. "एवढं खारट त आमच्या खारपानपट्ट्यातली बोअर देते," म्हणून समुद्र निकाली काढला. होडी निघाली, शीड फुगलं, आणि नाव बेटाकडे जायचं सोडून एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे जाऊ लागली.

"ओ बावा, बेट समोर हाय. तुमी वाकडं वाकडं काहून नेऊन राह्यले?" साडूंनी होडीवाल्याला हटकलं.

"वारो समोरसून येता, काकानू. सरळ जाऊक गावना नाय."

साडू माझ्या कानाशी लागले. "अकोल्याच्या टेसनावरचे आटोवाले असंच सांगतात."

बेट आलं. ताई पदर खोचून उतरल्या, मागोमाग माझी बायको. साडू मात्र दोर धरून बसून राहिले. "तुमी जा. मी होडी राखतो. आपन सारे उतरलो का हा पळाला समजा."

ताई गुडघाभर पाण्यात तशाच थांबल्या. त्यांचा चेहरा पाहून मी दुसरीकडे बघायला लागलो. मग त्या अगदी सहज म्हणाल्या, "बेट म्हंते हा. पन मागून जमिनीले चिकटलेलं नसंन कशावरून?"

साडूंचे डोळे बारीक झाले. "कोनं पाह्यलं हाय?"

"कोनंच नाई. समोरूनच दाखवतात सारे."

साडू उतरले! पाण्याच्या काठावर त्यांनी एक काडी रोवली, तिला आपला दुपट्टा बांधला. बेटाला वळसा घालून याच काडीशी परत आलो तरच हे बेट, नाही तर फसवणूक. होडी राखायला मला बसवलं. "तुमच्यावर भरवसा हाय म्हून नाई, अमरावतीवाले. दुसरं कोनी नाई म्हून." माझी बायको शिंपले वेचत राहिली आणि ती दोघंच निघाली. खडक आले तसा साडूंनी ताईंचा हात धरला. ते दोघं वळणाआड दिसेनासे झाले आणि मी राखणदारीच्या पहिल्याच घटकेत झोपलो.

जागा झालो तो साडूंच्या आवाजानं. ते अर्ध्या वाटेतून परत आले होते, कारण पुढचे खडक पाण्याखाली गेले होते. काडीचा पत्ता नव्हता आणि दुपट्टा होडीशी तरंगत होता. "काडी कोनं उपटली?" ते माझ्याकडेच बघत होते.

"भरती इली, काकानू," होडीवाला म्हणाला.

"पानी असं आपोआप वाढते? कोन्या धरनाचं दार उघडलं?"

भांडण बराच वेळ चाललं. पण होडीत चढून बसेपर्यंत साडूंनी ताईंचा हात सोडला नव्हता. आपण तो धरलाय, हे त्यांच्या लक्षातच नसावं. ताईंच्या होतं. त्या भिजल्या लुगड्यानिशी गुपचूप त्या हाताकडे पाहत होत्या.

आता ताईंचे गुडघे गेले आहेत. त्या दाराबाहेर फारशा पडत नाहीत. मी अकोल्याला गेलो की साडू हटकून विषय काढतात. "ते बेट अजून साबित झालं नाई. मागची बाजू पाह्याची राह्यली. हिले घेऊन एकडाव जा लागते." स्वयंपाकघरातून ताईंचा आवाज येतो, "हो बाई, मले बी शंकाच हाय."

त्या बेटाचा वरून काढलेला फोटो माझ्या मोबाइलमध्ये आहे. चहूबाजूंनी पाणीच पाणी, मागूनसुद्धा. तो मी साडूंना अजून दाखवलेला नाही. न जाणो, या एकाच गोष्टीवर त्यांनी विश्वास ठेवला तर?