शेजारणीचा कोयता

दातिवऱ्याहून बोईसरच्या बाजारात येणारी ती मासळीवाली मी लहानपणापासून पाहत होते. टोपली उतरवली की ती पदर खोचायची आणि बाजूला मासे विकणाऱ्या शेजारणीपुढे हात करायची, "दे गो तुजा कोयता." दिवसाचा पहिला मासा त्याच कोयत्याने कापायची. स्वतःचा धारदार कोयता तिच्या टोपलीतच असायचा.

जर्मनीला शिकायला निघण्याच्या आदल्या दिवशी मी तिला कारण विचारलंच.

"नवीन आले तवा जाम भ्यायची, बाय. चार दिस कोनाशी बोलले नाय. मंग हिच्याकडं कोयता मागितला. काय तरी मागितलं का मानूस बोलतंच. आता एक दिवस नाय मागितला तं हीच इचारते, रागावलीस काय?"

शेजारीण मासे मांडता मांडता हसली.

तिकडच्या वर्गात तीन आठवडे मी गप्प होते. भाषा येत होती, पण तोंड उघडायचा धीर होत नव्हता. डबासुद्धा जिन्यात बसून खायचे. चौथ्या सोमवारी मी बाजूच्या मुलीकडे पेन मागितलं. माझी दोन पेनं दप्तरात होती.

तिने पेन दिलं आणि लगेच माझं नाव विचारलं.

त्या मासळीवाल्या मावशीचं नाव मी इतक्या वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.